आधी आलेल्यांचं काम

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. वीतभर उंचीची, अंगभर दागिने ल्यालेली, दोन बाजूंना दोन लहान दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं, त्यात हीही गाडली गेली. १९३८ साली ती सापडली तेव्हा ती भारतातून आलेली आहे हे कळलं आणि तिला लक्ष्मी हे नाव मिळालं. पुढे १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून आमच्या भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा तिथे तिच्याशी फार जवळचं साम्य असलेली एक खंडित हस्तिदंती मूर्ती निघाली. तेर या गावीही तशा मूर्ती मिळाल्या आहेत. आज बरेच अभ्यासक पॉम्पेईच्या त्या बाईला यक्षी मानतात, आणि तिची घडण दख्खनची असावी, कदाचित भोकरदनच्याच बाजूची, असंही काहींचं मत आहे. ती कोण हे ठरवण्यासाठी तिच्या मुलखातल्या मूर्ती तिच्या शेजारी ठेवून पाहाव्या लागल्या.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. जालना जिल्ह्यातलं, केळना नदीकाठचं तालुक्याचं गाव. उज्जैनहून पैठणकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर ज्यांनी दान दिलं त्यांच्या लेखांमध्ये भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखात दगडावर नाव कोरून घेताना त्या माणसांना आपलं गावही कोरून घ्यावंसं वाटलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आज जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळात येणारा नवा मुलगा गावाचं नाव सांगायला कचरतो. ‘कुठले तुम्ही?’ असं विचारलं की तो ‘औरंगाबादजवळ’ म्हणतो. अजून खोदून विचारलं तर ‘जालना’. भोकरदन, जाफराबाद, मंठा ही नावं तिसऱ्या-चौथ्या प्रश्नानंतर येतात, आणि तोवर विचारणारा बहुतेक वेळा दुसऱ्याशी बोलायला वळलेला असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि आपलं इथलं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तो करार किती वेगाने पुढे सरकतो हा वेगळा विषय आहे. पण त्याच्या आधीपासून आणि त्याच्या बाहेरूनही मराठी मुलं-मुली इथे येत आहेत. ती संगणकवाली नाहीत. तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षणासाठी आलेली, रुग्णालयात, वृद्धाश्रमात, हॉटेलात, कारखान्यात शिकत शिकत काम करणारी ही मुलं आहेत. घरी कापूस, मका आणि मिरची. घरातलं पहिलंच माणूस विमानात बसलेलं. त्यांनी गावाकडे किंवा संभाजीनगरला खोली घेऊन जर्मनची बी-वन परीक्षा दिलेली असते. आपण, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आलेले, अभियंते आणि डॉक्टर म्हणून आलो. आपलं मंडळ आपल्यासारख्यांसाठीच बांधलं गेलं. आता ते त्यांचंही व्हायला हवं, आणि त्यासाठी पहिलं पाऊल आपण टाकायचं आहे, त्यांनी नाही. हेच मला या लेखात ठासून सांगायचं आहे.

आधी भाषेचं बोलतो, कारण दुखणं तिथे आहे. आमच्याकडे ‘तू काय करतोयस?’ असं नाही म्हणत, ‘काय करू राहिला?’ म्हणतात. ‘का’ला ‘काहून’, ‘माझं घर’ला ‘महं घर’. मी या देशात पहिल्यांदा एका मराठी कार्यक्रमाला गेलो, ते शहर वेगळं होतं, तेव्हा ‘मी जेवू राहिलो’ एवढंच म्हणालो आणि टेबलावरचे सगळे हसले. वाईट हेतू कुणाचाच नसावा. पण पुढची दोन वर्षं मी तिथे गेलो नाही, आणि गेलो तेव्हा पुणेरी क्रियापदं घेऊन गेलो. माझी बोली मी घरी फोनवर बोलण्यापुरती ठेवली. अशी किती माणसं आपण गमावली असतील याची मोजदाद कुठल्याच वार्षिक अहवालात सापडणार नाही.

आणि हे कुठे घडतं? बाडेन-वुर्टेंबर्गच्या श्वाबेनमध्ये! या राज्याने १९९९ पासून वीसेक वर्षं जी जाहिरात केली तिचा आशयच असा होता की आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन जमत नाही. मर्सिडीज आणि बॉश जिथे जन्मले ते राज्य आपली बोली छातीवर मिरवतं. इथले म्हातारे लोक सकाळी रस्त्यात भेटले की ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात. देवाचं नाव घेऊन केलेलं अभिवादन, म्हणजे आपला रामरामच. आमच्या बाजारात रामराम आणि सलाम एकाच दुकानात ऐकू येतात. निजामाच्या राज्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मुलखातलं माणूस मराठी बोलता बोलता दखनीत शिरतं आणि परत येतं, त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. समोरच्याची भाषा थोडी आपल्या जिभेवर घेण्याची सवय या मुलांना लहानपणापासून असते. ती त्यांची उणीव नाही, ती त्यांची तयारी आहे. मंडळाने ती ओळखली पाहिजे.

जर्मन भाषेतही त्यांचं काही जास्त लवकर जमतं. ‘दू’ आणि ‘झी’ हा भेद इंग्रजीतून आलेल्याला शिकावा लागतो. मराठी माणसाला तो अरे-तुरे आणि अहो-जाहो म्हणून आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. अडचण येते ती जे व्याकरणाच्या पुस्तकात नाही तिथे. ‘पाणी द्या’ या दोन शब्दांत आपला आदर ‘द्या’मध्येच बसलेला आहे, वेगळा ‘प्लीज’ लावायची गरज नाही. तेच वाक्य जर्मनमध्ये ‘बिटे’शिवाय गेलं की हुकूम होतो. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, कारण ‘जातो’ हा शब्द घरातून निघताना काढायचा नसतो. तेच शब्दशः जर्मनमध्ये म्हटलं तर समोरचा माणूस वाट पाहत बसेल.

पण सगळ्यात महागात पडतं ते ‘हो’. या एका शब्दासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

वडीलधारं माणूस सांगत असताना आपण ‘हो, हो’ म्हणत जातो. त्या ‘हो’चा अर्थ ‘ऐकतोय, तुमचा मान राखतोय’ एवढाच असतो. कळलं नाही तरी मध्येच अडवून विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे आपल्याला न शिकवता शिकवलेलं असतं. नंतर शेजारच्याला विचारून घेऊ, असा हिशोब असतो. जर्मन वरिष्ठाच्या कानाला ‘या’ म्हणजे ‘समजलं, आता मी ते करतो’. आमच्या बाजूचा एक मुलगा वृद्धाश्रमात शिकत होता. एका आजीबाईंच्या गोळ्यांची वेळ बदलल्याचं त्याला घाईत, श्वाबियन बोलीत सांगितलं गेलं. तो ‘या, या’ म्हणाला. त्याला अर्धंच कळलं होतं. चूक वेळीच लक्षात आली, आजीबाईंना काही झालं नाही. पण त्या दिवसापासून तिथले लोक त्याच्याबद्दल ‘बेभरवशाचा’ म्हणू लागले, आणि तो म्हणू लागला की हे लोक पाषाणहृदयी आहेत. दोघांचंही म्हणणं खोटं होतं. त्याला भेटायला गेलो तेव्हा तो नोकरी सोडायच्या विचारात होता. मी त्याला एकच वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं: ‘मला हे कळलं नाही, कृपया पुन्हा सांगा.’ हे वाक्य इथे मान राखणारं आहे, मान घालवणारं नाही, हे त्याला पटायला दोन महिने लागले. मग त्याच्या वरिष्ठ बाईंनाही भेटलो आणि आपल्या ‘हो’चा अर्थ सांगितला. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून त्या नव्या मुलांना ‘समजलं का?’ विचारत नाहीत, ‘मी काय सांगितलं ते मला सांग’ म्हणतात.

हे कोण सांगू शकलं असतं? नव्या मुलाला ते माहीत नव्हतं, त्या बाईंनाही नव्हतं. दोन्हीकडचं ‘हो’ ठाऊक असलेला माणूस लागतो, आणि तो आपल्या मंडळात बसलेला आहे.

आपल्यातले काही म्हणतात, आम्हाला कुणी हात धरून शिकवलं होतं? आम्ही आपले आपण शिकलो. खरं आहे, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आपण इंग्रजी चालणाऱ्या कार्यालयांत आलो, पदवी हातात घेऊन आलो. मजुरी आणि सेवा करायला आलेल्याला पहिल्या दिवसापासून जर्मनच लागते. दुसरं असं की या देशाने ‘आपले आपण शिकतील’ हा प्रयोग आधी करून पाहिलेला आहे. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून लाखो कामगार आले. ते परत जाणार असं धरून त्यांना भाषा शिकवण्याची पुरेशी व्यवस्था देशाने केली नाही. त्यातले बरेच गेले नाहीत. सहाशे तासांच्या भाषावर्गाचा एकात्मता अभ्यासक्रम कायद्याने आला तो २००५ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. मधल्या दोन पिढ्यांनी त्याची किंमत मोजली, शाळेत आणि कारखान्यात, आणि अजून मोजत आहेत.

जिथे आलात तिथली रीत शिका, हेही ऐकू येतं. शिकलीच पाहिजे, त्यात मी तसूभर सूट मागत नाही. पाच मिनिटं उशीर इथे उशीरच असतो, आणि शांततेच्या वेळेत मिक्सर लावायचा नसतो. पण न लिहिलेली रीत कुणीतरी बोलून दाखवल्याशिवाय शिकता येत नाही.

आउसबिल्डुंगचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं, साधारण आपल्या गणपतीच्याच दिवसांत. यंदा नवी मुलं आरतीला येतील, मागे उभी राहतील. त्यांच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप गटाचा दुवा देऊन मोकळे होऊ नका. प्रत्येक जुन्या कुटुंबाने एका मुलाला किंवा मुलीला वर्षभर आपलं मानावं. परदेशी नागरिक कार्यालयाचं पहिलं पत्र, आरोग्य विम्याचा पहिला अर्ज त्यांच्याबरोबर बसून वाचावा. आणि पहिल्या भेटीत जिल्ह्यावर थांबू नये, तालुका विचारावा, गाव विचारावं, आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबावं.

संपादक मंडळाला माझी एक विनंती आहे. दिवाळी अंकात त्यांच्यापैकी एकाचा तरी लेख घ्या. त्यात ‘काय करू राहिला’ आलं तर ते तसंच छापा.