आठशे मीटरवरची गाय आणि कोकणातला हापूस

जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या १९०४ सालच्या व्यापारी करारात एका गाईचे वर्णन आहे. ती मोठ्या चणीची, डोंगराळ भागातली, ठिपकेदार किंवा तपकिरी असावी. समुद्रसपाटीपासून किमान ३०० मीटरवर वाढलेली आणि दरवर्षी निदान महिनाभर ८०० मीटरवर चरलेली असावी. अशा गाईला जकात कमी. एका देशाला दिलेली सवलत तेव्हा करारांनी बांधलेल्या इतरांनाही द्यावी लागे. म्हणून सवलत दिली ती गाईला, देशाला नव्हे. आता हॉलंडच्या गाईने ८०० मीटर आणायचे कुठून?

मालाचे वर्गीकरण हे कारकुनी काम समजले जाते. पण दराच्या वादात हरलेली बाजू व्याख्येच्या दाराने हमखास परत येते. स्पेनने न भाजलेल्या कॉफीचे प्रकार पाडले. काहींना जकात माफ केली आणि ब्राझीलहून प्रामुख्याने येणाऱ्या प्रकारांवर ७ टक्के लावली. १९८१ साली 'गॅट' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या पंचांनी ब्राझीलच्या बाजूने कौल दिला. पिणाऱ्याच्या लेखी ते एकच पेय होते.

सर्वांची यादी एक असावी, ही धडपड जुनी. राष्ट्रसंघाने १९३०च्या दशकात जिनिव्हात एक केली, १९५०च्या दशकात ब्रुसेल्समध्ये दुसरी झाली, आणि १ जानेवारी १९८८ पासून आजची 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' आली. आयात-निर्यातवाल्यांच्या तोंडी असतो तो एचएस कोड हाच. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. आपल्याकडे एकूण आठ.

तरी भांडणे मिटली नाहीत. हीच चौकट आपण देशांतर्गत करांसाठीही वापरतो. छोट्या बाटलीतले खोबरेल १५१३ खालचे खाद्यतेल की ३३०५ खालचे केशतेल, यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने ते खाद्यतेल ठरवले, अर्थात वेष्टनावरून ते केशतेल म्हणून विकले जात नसेल तर. (कोकणातल्या किती घरांत डोक्याला आणि फोडणीला एकच खोबरेल चालते, हे कोर्टात कुणी सांगितले की नाही कोण जाणे.)

मला मात्र खटकतो तो ०८०४.५०. या सहा आकड्यांत आंबा, पेरू आणि मँगोस्टीन एकाच ओळीत कोंबले आहेत. जगाचा आंब्याचा व्यापार मोजायला जावे तर पेरूही मोजले जातात. किवीला मात्र स्वतंत्र ओळ आहे, ड्युरियनलाही आहे. २०२२च्या आवृत्तीत ड्रोन आणि स्मार्टफोन यांनाही आपापली जागा मिळाली. भारताने आपल्या शेवटच्या दोन आकड्यांत हापूस, केसर, लंगडा वेगळे काढले, पण त्या आकड्यांना आपल्या सीमेपलीकडे किंमत नाही. रत्नागिरीचा बागायतदार परदेशातल्या मागणीचा अंदाज बांधणार तो पेरू मिसळलेल्या आकड्यांवर.

ही यादी दर पाच-सहा वर्षांनी बदलते, आणि सदस्य देशांना त्यात बदल सुचवता येतात. भारत त्यांपैकी एक आहे आणि जगात सर्वांत जास्त आंबा पिकवणाराही तोच. सहा आकड्यांत आंब्याची वेगळी ओळ मागायची, तर ती दुसऱ्या कुणी मागायची?