सूत्रधाराने किती बोलावे?

दिवाळी आली की घरोघरची मुले मातीचा किल्ला करतात. विटा, गोणपाट आणि चिखल यांचा डोंगर उभा राहतो, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवते आणि बाजारातून आणलेले मावळे जागोजागी पहाऱ्याला बसतात. मोठी माणसे कौतुक करतात ते किल्ल्याचे. पण मुलांचा खरा खेळ किल्ला पुरा झाल्यावर सुरू होतो. 'हा माझा पहारेकरी, याला खालून चाहूल लागली.' 'मग माझा मावळा दोर टाकून वर येतो.' 'येईल कसा? दरवाजा बंद आहे!' इथे तंटा लागतो, आणि तो मिटवायला एखादी थोराड ताई लागते. ती म्हणते, 'बरं, नाणं उडवा. छापा आला तर दोर अडकला, काटा आला तर तुटला.' तंटा मिटतो आणि गोष्ट पुढे सरकते.

या ताईचे काम हाच आजच्या लेखाचा विषय. कारण हे काम शिकावे लागते, आणि लिहून करायचे झाले तर फारच शिकावे लागते.

मोठ्या माणसांनी टेबलाभोवती बसून खेळण्याचा असा एक खेळ आता जगभर प्रसिद्ध आहे. इंग्रजीत त्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात; आपण सोंगांचा खेळ म्हणू. प्रत्येक भिडू एकेक पात्र घेतो. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासा पडतो. यात पट नसला तरी चालते, आणि कोणी जिंकतही नाही. सर्वांनी मिळून एक गोष्ट रचायची, एवढाच याचा हेतू.

खेळाची वंशावळ मात्र मोठी लढाऊ आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ रूढ केला. दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून पंचाकडे देत, आणि कोणाला काय दिसते, काय दिसत नाही, हे पंच सांगे. नियम पुढे इतके वाढले की १८७६ साली फॉन व्हेर्डी या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते बाजूला सारून सगळी भिस्त पंचाच्या अनुभवावर ठेवावी असे सुचवले. अमेरिकेत १९५९ साली 'डिप्लोमसी' नावाचा पटाचा खेळ विक्रीला आला, आणि १९६३ पासून तो टपालाने खेळला जाऊ लागला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. सेनापतीच्या जागी एकटेदुकटे पात्र आले आणि पंचाचा सूत्रधार झाला. तेव्हा फोनवर मजकूर लिहून हा खेळ खेळणे ही काही आजकालच्या पोरांची टूम नव्हे. लिहिलेला हुकूम आणि लिहिलेला निकाल हे या खेळाचे जुनेच रूप आहे.

आमच्या कुटुंबात हा खेळ आला तो पुण्यात शिकणाऱ्या माझ्या पुतणीमुळे. आमचे मूळ घर राजापूर तालुक्यातल्या नाटे गावी. तिथे आता सत्तरी ओलांडलेली माझी आत्या एकटी राहते. एक चुलतभाऊ डोंबिवलीला, भाचा शारजाला, मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. सगळ्यांनी एका वेळी एका टेबलाशी बसायचे तर गणपतीच यावे लागतात. चेहरे दाखवून बोलण्याइतकी रेंज गावातल्या घरात नेहमी मिळत नाही; चार ओळींचा मजकूर मात्र सावकाश का होईना पोहोचतो. म्हणून पुतणीने ठरवले की खेळायचे ते लिहूनच, ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा.

स्थळ तिने सर्वांच्या ओळखीचे निवडले: जैतापूरच्या खाडीकाठचा आमच्या नाट्याचा यशवंतगड. (रेडीचा यशवंतगड तो वेगळा.) काळ १६६१ चा. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली होती. त्याचा जाब विचारायला शिवाजी महाराज राजापुरात उतरले आणि त्यांनी वखारीतल्या इंग्रजांना कैद केले. हा इतिहास झाला. पुढचे पुतणीचे कल्पित: ही बातमी खाडीच्या मुखाशी पोहोचते तेव्हा तिथे माल भरलेले एक गलबत उभे आहे, आणि माल कोणाचा हे कोणीच सांगत नाही. आत्या झाली गलबताचा तांडेल, चुलतभाऊ गडावरचा पहारेकरी, भाचा वैद्य आणि मी मुनशी.

पुतणीचा पहिला मजकूर चाळीस ओळींचा होता. खाडीवरचे धुके, तटावरचे शेवाळ, गलबताच्या शिडाची फडफड, सगळे होते. वर्णन छान होते. उत्तरे आली ती अशी: 'वा!', 'मस्त', आणि एक टाळ्यांचे चित्र. दोन दिवस गेले तरी गोष्ट जागची हलली नाही. मुलगी हिरमुसली. कारण उघड होते. तिने निबंध लिहिला होता, आणि निबंधाला लोक शाबासकी देतात. त्यात हात घालत नाहीत. चाळीसाव्या ओळीच्या पूर्णविरामानंतर कोणासाठी जागाच उरली नव्हती.

पुढच्या खेपेला तिने एवढेच लिहिले: 'दिवा विझवलेला एक मचवा खाडीत शिरतो आहे. गडावरून तो दिसत नाही. तांडेलाला दिसला आहे. तांडेल काय करतो?' तासाभरात नाट्याहून उत्तर आले. 'तांडेल आपला दिवाही विझवतो आणि वल्ही थांबवायला सांगतो.' खेळ त्या क्षणी सुरू झाला.

दुसरा धडा तिला डोंबिवलीहून मिळाला. तिने लिहिले होते, 'पहारेकरी घाबरला.' चुलतभावाने लगेच कळवले, 'माझा पहारेकरी घाबरला हे तू कोण ठरवणार? त्याला काय दिसलं ते सांग. घाबरायचं की नाही ते मी बघीन.' आम्ही वर्गात कथेविषयी हेच पंचवीस प्रकारे सांगतो. पण वर्गात पात्र उठून तक्रार करीत नाही. इथे करते. सूत्रधाराच्या हाती वारा, पाणी, दारे, अंधार आणि परकी माणसे असतात. भिडूचे मन त्याच्या हाती नसते.

तिसरी अडचण खास लिहिण्याचीच. समोरासमोर बसून खेळताना 'दार ढकलतो', 'बंद आहे', 'किल्ली शोधतो', 'नाही सापडत' एवढे व्हायला अर्धे मिनिट लागते. लिहून खेळताना याच चार वाक्यांत आठवडा जातो, आणि आठवडाभर बंद दारापाशी उभे राहायला कोणाला आवडेल? म्हणून पुतणीने भिडूंना जर-तर लिहायला शिकवले: 'दार उघडे असेल तर आत जातो, नसेल तर खिडकीखाली थांबून कान देतो.' आपणही माहिती दडवून ठेवायची नाही असे तिने ठरवले. जे विचारल्यावर सांगायचेच आहे ते आधीच सांगून टाकावे. झटापट आली तर सर्वांनी ठरल्या वेळेआधी आपापला डाव लिहायचा आणि तिने सगळ्यांचा मिळून एकच निकाल सांगायचा. राइसवित्झचा पंच याहून निराळे काय करीत होता?

फाशाचेही तसेच. फासा टाकण्यापूर्वी ती दोन्ही बाजू लिहून ठेवते: 'बारा किंवा वर पडले तर मुनशी कागद घेऊन निसटला. खाली पडले तरी कागद मिळेल, पण गस्त जागी होईल.' आधीच लिहिल्यामुळे लबाडीचा संशय राहत नाही, आणि दान वाईट पडले तरी गोष्ट अडत नाही. 'काहीच झाले नाही' हा निकाल तिने कायमचा रद्द केला आहे.

हे सगळे ऐकून कोकणातला वाचक मनात म्हणत असेल, यात नवे ते काय? खरेच आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो तेव्हा नटाच्या हाती लिहिलेले नाटक नसते. आख्यान कोणते, प्रवेश कोणते, एवढे आधी ठरते; संवाद नट उभ्याउभ्या रचतात. देवाने बोलत सुटून सगळेच सांगून टाकले तर समोरच्या राक्षसाने काय करावे? म्हणून जाणता नट वाक्य अशा जागी सोडतो की दुसऱ्याला ते उचलावेच लागते. आमच्या रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यातही एकाने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने गाण्यातून जबाब द्यायचा. सवालच नसेल तर सामना कसला? पुतणीने हा खेळ इंग्रजी पुस्तकांतून घेतला, पण तो चालवण्याची विद्या तिच्या आजोळपणजोळच्या मातीत पूर्वीपासून होती.

आत्याने याचा प्रत्यय लवकरच दिला. एके रात्री पुतणीने लिहिले, 'अमावास्येची मध्यरात्र. खाडीचे पाणी आटले आहे, गलबत चिखलात रुतले आहे.' नाट्याहून उत्तर आले: 'अगो, अमावास्येला मध्यरात्रीच्या सुमारास आपल्याकडे भरती असते. तीही उधाणाची. गलबत रुतेल ते पहाटे.' पुतणीने वाद घातला नाही की आपला मजकूर पुसून टाकला नाही. तिने लिहिले, 'तांडेलाचे बरोबर आहे. मध्यरात्री पाणी चढले, गलबत मोकळे झाले. पण ज्या भरतीने तुमचे गलबत तरंगले, तिच्याच बळावर बाहेरचा तो मचवाही आत आला.' माझ्या मते त्या रात्री ती सूत्रधार झाली. भिडूला आपल्याहून जास्त कळते हे मान्य करणे आणि ते कळणे गोष्टीच्या कामी लावणे, यापलीकडे या विद्येत फारसे काही नाही.

त्या दिवसापासून खाडीचा प्रश्न निघाला की सगळे आत्याला विचारू लागले. कोणत्या वाऱ्याला शीड उतरवायचे, मचव्याला आणि होडीला पाणी किती लागते, रात्री किनारा कशावरून ओळखायचा. गेली कित्येक वर्षे आम्ही तिला फोनवर दोनच प्रश्न विचारीत होतो: तब्येत कशी आहे आणि आंबा किती लागला.

आता या खेळाचे मोठे दुखणे सांगतो. लिहून खेळलेला खेळ भांडणाने मरत नाही, गप्प राहण्याने मरतो. एक भिडू आज लिहीत नाही, म्हणून दुसरा उद्या लिहीत नाही, आणि आठवड्याने सगळेच समजतात की संपले. आमच्यावर ही पाळी ऐन पावसाळ्यात आली. तांडेलाचे उत्तर येईना. एक दिवस झाला, दोन झाले, तीन झाले. भाच्याने शारजाहून सुचवले, 'तांडेलाला लाटेनं ओढून नेलं असं लिहून टाक आणि पुढं चल. सगळे खोळंबलेत.' खेळाच्या दृष्टीने सूचना अगदीच गैर नव्हती. पुतणीने मात्र लिहिले, 'तांडेल नांगराचा दोर पाहायला पुढे गेला आहे. अंधारात त्याचा कंदील अजून दिसतो आहे.' आणि तिने प्रसंग गडावर नेला. पहारेकरी आणि मुनशी यांना काम दिले.

चौथ्या दिवशी मात्र तिने मला वेगळा फोन केला. 'काका, आत्याआजी तीन दिवस गप्प कधीच राहत नाही. शेजारी कोणाला तरी विचारा ना.' विचारले. वादळी पावसात वीज गेली होती, फोन बंद पडला होता, आणि आत्या तापाने अंथरुणाला खिळली होती. शेजाऱ्यांनी तिला डॉक्टरकडे नेले, दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ गाडी घेऊन पोहोचला. ताप उतरायला आठवडा लागला. एरवी आम्हाला हे कळले असते ते कदाचित महिन्याने, आणि तेही 'आता बरी आहे' या शब्दांत. तिच्या रोजच्या चार ओळींमुळे तिच्या गप्प राहण्याला अर्थ आला होता.

बरे वाटल्यावर तिने वाचून घेतले, आणि लिहिले: 'दोर धड आहे. कंदिलात तेल कमी आहे. मचवा कुठवर आला?'

वाचकांपैकी कोणाला या दिवाळीत करून पाहायचे असेल तर फार सामग्री लागत नाही. एक सूत्रधार, तीन-चार भिडू, सर्वांना ठाऊक असलेले एक गाव आणि तिथली एक अडचण. गोष्टीसाठी एक समूह ठेवा आणि गप्पांसाठी दुसरा, म्हणजे गलबताच्या मध्येच शुभेच्छांची चित्रे येत नाहीत. दोन दिवसांत प्रत्येकाने एकदा तरी लिहायचे असा करार करा. सूत्रधाराचा मजकूर आठ ओळींपेक्षा मोठा नसावा आणि शेवटची ओळ कोणाच्या तरी नावे असावी. पहिला खेळ तुळशीच्या लग्नापर्यंत संपेल एवढाच धरा. गोडी लागली तर तो आपोआप लांबेल. आणि भिडू निवडताना घरातल्या सर्वांत वडील माणसाला आधी विचारा. टंकायला त्यांना वेळ लागेल. लागू द्या, या खेळात घाई कोणालाच नसते.