चाकांवरचे बिऱ्हाड आणि एक बोल्ट

जुन्या मिनीबसमध्ये दोन पलंग, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली की चाकांवरचे बिऱ्हाड तयार होते. सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण केले, तेव्हा या हौसेला आता राजमान्यताही आहे! पडद्यांचा रंग ठरवायला घरात चार बैठका होतात. गाडीखालच्या पाट्यांच्या बोल्टांची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

आमच्या बिऱ्हाडाने ती करायला लावली केळझरला. नागपूर-वर्धा रस्त्यावरचे हे गाव, टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे इथले लोक सांगतात. बकासुरासाठी भीम गाडाभर अन्न घेऊन निघाला तो इथूनच. (त्या गाड्याला बोल्ट नव्हते, हे भीमाचे भाग्य.) आईला दर्शन घडवून आम्ही खाली उतरलो, तो मागच्या चाकापाशी ‘कट्-कट्’ सुरू झाली.

गावातल्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून निदान केले: पाट्याच्या टोकातले रबरी बुश संपले आहे आणि त्यातला बोल्ट गंजून बसला आहे. नट निघाला. बोल्टाला पाना लावला की तो थोडा फिरे आणि सोडला की मागे येई. चिरंजीव म्हणाले, “सुटतोय, सुटतोय!” सुटत काही नव्हता. बुशाच्या आत लोखंडी नळी असते. बोल्ट गंजून तिच्याशी एकजीव होतो, आणि पिळला जातो तो बाहेरचा रबर. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या चिंचोळ्या फटीत तो पाचरीसारखा ठोकला जातो.

“गॅसची ज्योत लावून तापवा की,” शेजारी जमलेल्यांपैकी एकाने सुचवले. लोखंड तापवून सोडवण्याची रीत खरी आहे. पण आमच्या गाडीत वर फोमच्या गाद्या आणि स्वयंपाकाचा सिलिंडर! सौभाग्यवतींनी काही न बोलता आईला हाताला धरून खाली उतरवले. तेवढ्यावर ज्योतीचा प्रश्न निकालात निघाला.

मिस्त्री शांतपणे म्हणाला, “जोर नोका लावू भाऊ. रातभर तेल पिऊ द्या त्याले.”

त्याने तारेच्या ब्रशाने कडा घासल्या, तेल सोडले, हलक्या हातोडीने टिचक्या मारल्या, पुन्हा तेल सोडले. रात्र आम्ही गावातच काढली. सकाळी बोल्ट तरीही हलेना, तेव्हा त्याने करवतीचे पाते घेतले. त्याआधी मात्र गाडीची चौकट आणि आस वेगवेगळ्या भक्कम ठोकळ्यांवर टेकवून घेतली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तो हातही घालीना. मग नळीच्या दोन्ही अंगांनी बोल्ट कापला. घामाचे काम, पण ठिणगी नाही.

नवा बोल्ट वर्ध्याहून आणवला. माथ्यावर ८.८ आकडा आहे का, हे त्याने आधी पाहिले. असा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलो ओढ सोसतो, ४.६ चा त्याच्या निम्मी. दिसायला दोघे भाऊभाऊ, तेव्हा दुकानातून आणताना आकडा वाचूनच घ्यावा. बोल्टाच्या मधल्या दांड्याला त्याने ग्रीसचा हात फिरवला, आटे कोरडे ठेवले.

शेवटचे आवळणे त्याने गाडी चाकांवर उतरवल्यावरच केले. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचा पिळलेला राहतो आणि नवे बुशही लवकर फाटते. घाईच्या दुरुस्तीत नेमके हेच राहून जाते.

वर्ध्याला पोचल्यावर पुन्हा पाना लावून पाहायला त्याने बजावले होते. लावला, नट जागचा हलला नाही. तेव्हाच आईला मागच्या पलंगावर आडवे होऊ दिले.