बॉयलर पेटला, पण सर्व्हर सुरू झाला का? हंगामाआधीची विसरलेली चाचणी

गळीत हंगाम जोरात असताना कारखान्याच्या वजनकाट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग असते. उसाचे वजन, शेतकऱ्याचा कोड, तोडणी-वाहतुकीचा हिशेब हे सगळे आता संगणकावर नोंदले जाते. पहाटे वीज गेली आणि परत आल्यावर सर्व्हर सुरूच झाला नाही, तर? तोडलेला ऊस जितका वेळ थांबतो, तितके त्याचे वजन आणि उतारा घटतो. हे नुकसान अखेर शेतकऱ्याच्या माथी येते.

बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा भीमा. इतके सहकारी कारखाने असलेल्या या पट्ट्यात सर्व्हरचे आरोग्य हा केवळ संगणक विभागाचा विषय कसा राहील?

फर्मवेअर म्हणजे काय?

बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरील चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. तो म्हणजे फर्मवेअर. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय. तो प्रोसेसर, रॅम आणि डिस्क तपासतो, ऑपरेटिंग सिस्टीम शोधतो आणि पुढचा कारभार तिच्या हाती देतो. डिस्क आणि रेड कार्ड यांचेही स्वतंत्र फर्मवेअर असते.

गाडी नेमकी कुठे अडली?

दुरुस्तीतला पहिला प्रश्न हाच.

• स्क्रीन काळी, नुसते बीप किंवा लाल-पिवळा दिवा : संशय रॅम, पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्डवर. बीपचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो.

• लोगो दिसतो, पण 'बूट डिव्हाइस सापडत नाही' : तारीख-वेळ आधी पाहा. ती मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असू शकतो. अशा वेळी काही यंत्रांत सेटिंग्ज मूळपदावर जातात, बूटचा प्रकार बदलतो आणि डिस्क शाबूत असूनही सापडत नाही.

• रेड कार्ड 'फॉरेन कॉन्फिगरेशन' दाखवते : येथे घाई महागात पडते. 'क्लिअर' किंवा 'इनिशियलाइज' दाबण्याआधी बॅकअपची खात्री करा आणि जाणकाराला विचारा.

• लोगोच्या पुढे जाऊन निळी स्क्रीन : दोष बहुधा फर्मवेअरचा नसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच अडकले होते. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले.

बहुतेक सर्व्हरमध्ये देखरेखीसाठी वेगळी चिप असते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ. सर्व्हर सुरू होत नसला, तरी बिघाडाची नोंद तिथे वाचता येते. अनेक ठिकाणी तिची केबलच जोडलेली नसते.

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?'

ही वृत्तीच घातक आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबाबत इशारा दिला. फर्मवेअरमधील चुकीमुळे या डिस्क ३२,७६८ तासांनी, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षांनी कायमच्या बंद पडणार होत्या आणि डेटाही परत मिळणार नव्हता. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी गेल्या, तर रेडचा काय उपयोग? उपाय साधा होता : वेळेत अपडेट.

अर्थात, अपडेट ऐन हंगामात करू नये. ते चालू असताना वीज गेली, तर चिपमधला प्रोग्राम अर्धवट राहून मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. यूपीएस आणि ताजा बॅकअप असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

जबाबदारी कोणाची?

हंगामापूर्वी रोलर पूजन होते, बॉयलर अग्निप्रदीपन होते. यंत्रसामग्रीची दुरुस्ती उन्हाळ्यापासून चालते. त्या यादीत सर्व्हर का नसावा? वर्षानुवर्षे अखंड चालणाऱ्या सर्व्हरचा दोष लपून राहतो आणि पहिल्या रीस्टार्टला उघड होतो. म्हणून ऑफ सीझनमध्ये तो मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करून पाहावा. सेल बदलावा, फर्मवेअरच्या आवृत्त्या आणि बूट सेटिंग्ज कागदावर नोंदवून ठेवाव्यात. काट्यावर हाताने पावती देण्याची सोयही तयार असावी.

वार्षिक देखभालीचा करार आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. पुण्याहून तंत्रज्ञ किती तासांत पोहोचेल, सुटे भाग कुठे आहेत आणि फर्मवेअर अपडेट करारात आहे का, हे लेखी हवे. पतसंस्था, रुग्णालये आणि महाविद्यालयांनाही हेच लागू होते.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार एफआरपी १४ दिवसांत द्यायची असते. त्या हिशेबाची सुरुवात काट्यावरच्या नोंदीपासून होते. म्हणूनच येत्या वार्षिक सभेत सभासदांनी उताऱ्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : आपला सर्व्हर शेवटचा बंद करून सुरू केव्हा केला होता?