समाधानी आहात का?

नॅकच्या मूल्यांकनाची तयारी सुरू झाली की महाविद्यालयाच्या आयक्यूएसीला, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला, प्राध्यापकांच्या समाधानाची आठवण होते. यंदाही गूगल फॉर्म फिरतोय: 'आपण आपल्या कामाबाबत किती समाधानी आहात? 1 ते 5.' वर ईमेल आयडी सक्तीचा. उत्तर कोणाचं, हे संस्थाचालकांना त्याच संध्याकाळी कळणार. सगळे मुकाट्याने 5 देतात, अहवालात रंगीत आलेख झळकतो.

सातपुड्यातल्या मोलगी परिसरातून आलेली वाचकांची पत्रं या आलेखाशेजारी ठेवावीत. लिहिणारे नेट-सेट झालेले, विनाअनुदानित तुकडीवर तासिका तत्त्वावरचे. देवगोई घाटात दरड कोसळली, गाडी अडकली, तास बुडाला; मानधनही बुडालं. होळीला काठी गावापासून सगळा सातपुडा ढोलावर असतो, वर्गात कोण बसणार? कायम प्राध्यापकाला ती सुट्टी, तासिकावाल्याला ती कपात. दिवाळीनंतर पोरं आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातात, वर्ग एकत्र होतात, तासिका आणखी घटतात. प्रवेशासाठी पाडे पालथे घालणं, पर्यवेक्षण आणि त्याच नॅकच्या फायली मात्र फुकटात. एकाने तासांच्या वहीची झेरॉक्स जोडली आहे. रोजच्या तासापुढे विभागप्रमुखाची सही आहे. जानेवारीपासून 'मानधन अदा' हा रकाना कोरा.

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) 2018 ची नियमावली सांगते, कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. अतिथी अध्यापकांना तासाला 1500, महिन्याला कमाल 50,000 रुपये, हेही आयोगानेच 2019 मध्ये ठरवलं. विचारायला जा, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय म्हणतं, विनाअनुदानित आहे, आमचा संबंध नाही. विद्यापीठ म्हणतं, आम्ही मान्यता देतो, पगार संस्थेने द्यायचा. संस्था सरकारकडून येणाऱ्या शिष्यवृत्तीच्या थकबाकीकडे बोट दाखवते. ती अडचण खोटी नाही, पण तिचा भार सगळ्यात कमी मिळवणाऱ्यानेच का उचलायचा? पगार मिळाल्याने समाधान येतंच असं नाही, न मिळाल्याने असमाधान नक्की येतं, हे मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गने 1959 मध्ये मांडलं. तेच आपण वर्गात शिकवतो. शिकवणाऱ्याचं मानधन तेवढं थकलेलं.

आणि आपल्या संघटनेच्या सभासदांचं काय? संलग्नीकरणाच्या स्थानिक चौकशी समितीवर आपलेच ज्येष्ठ जातात. पाहुणचार घेतात, 'समाधानकारक' असा शेरा मारून अंधार पडायच्या आत घाट उतरतात. त्यांना हात जोडून सांगणं आहे: पुढच्या भेटीत नेमणूकपत्रं मागा, तासिकांची वही आणि बँकेचा उतारा एकमेकांशी ताडून पाहा. ताळा जुळला नाही तर सही करू नका.