नव्या गाडीचा ताप : खरा किती, खोटा किती?



मुळशी तालुक्यातील चांदे, नांदे, माण या गावांत गेल्या काही वर्षांत चारचाकी गाड्या वाढल्या. हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुला-मुलींच्या पगारातून, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत स्वतः मोटारी जोडणाऱ्या तरुणांच्या ओव्हरटाइममधून आणि आईने भिशीत साठवलेल्या पैशांतून आलेली ही बहुधा घराण्यातील पहिलीच गाडी असते. तिच्यावर पाच-सात वर्षांचे हप्ते असतात. म्हणूनच तिचे बॉनेट जरा गरम लागले की साऱ्या घराला ताप चढतो, आणि या काळजीचा फायदा घेणारेही पुष्कळ भेटतात.

चांद्यातल्याच एका घरची गोष्ट. नवी गाडी हिंजवडीच्या कोंडीत अर्धा तास रखडून घरी आली. चावी काढली तरी पुढचा पंखा घरघरत राहिला आणि काहीतरी जळाल्यासारखा वास आला. ओळखीच्या एका कारागिराने लगेच सल्ला दिला, "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंडगार राहील." घरचे तयारही झाले होते. पण सून म्हणाली, "मामंजी, आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक तर वाचू." पुस्तक वाचले आणि गाडी वाचली. असे पुस्तक प्रत्येक गाडीबरोबर येते. पण बहुतेक घरांत ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही.

आता मूळ मुद्दा. इंजिन गरम होणे हा दोष नव्हे, तो त्याचा धर्मच आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटते तेव्हा आतल्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पेट्रोलमधील उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामी येते. बाकीची सायलेन्सरवाटे आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटवाटे बाहेर टाकावी लागते. हा कूलंट साधारण ८५ ते १०५ अंशांपर्यंत तापणे हे बहुतेक गाड्यांत नेहमीचेच आहे.

कोणी विचारील, १०० अंशांना पाणी उकळते, मग हे कसे? आमच्या भगिनींना याचे उत्तर स्वयंपाकघरातच मिळेल. कुकरचे झाकण लावले की आत दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. रेडिएटरचे झाकणही असाच दाब धरून ठेवते. शिवाय कूलंटमध्ये ग्लायकॉल असल्याने तो पाण्यापेक्षा उशिरा उकळतो. शिट्टी न काढता कुकर उघडला तर काय होते ते आपण जाणतोच. गरम गाडीचे रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे तेच, किंबहुना त्याहून भयंकर. उकळता कूलंट तोंडावर उडून माणसे भाजतात.

थर्मोस्टॅट ही मेणाच्या जोरावर चालणारी एक लहानशी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर तापते. सुमारे ८० ते ९० अंशांना मेण फुगते, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातो. ती काढून टाकली तर इंजिनाला योग्य ऊब येतच नाही, पेट्रोल जास्त लागते, ऑइल बिघडते आणि आतले भाग लवकर झिजतात. वर कंपनीची वॉरंटी नाकारली जाण्याचा धोका. 'थंडगार' इंजिन म्हणजे निरोगी इंजिन नव्हे.

गाडी बंद केल्यावर पंखा काही वेळ चालणे हेही अनेक गाड्यांत ठरवूनच केलेले असते. इंजिन थांबले की कूलंटचे फिरणे थांबते, पण धातूतली उष्णता त्यात उतरतच राहते. ती काढण्यासाठी पंखा फिरतो. नव्या गाडीच्या सायलेन्सरवर आणि इंजिनावर कारखान्यातले तेल व रंगाचा थर असतो. तो जळेपर्यंत पहिले काही दिवस वास येतो, पुढे आपोआप जातो. मात्र गोडसर वास, गाडीखाली रंगीत पाण्याचा डाग किंवा बॉनेटमधून वाफ, ही लक्षणे नव्या गाडीतही नेहमीची नाहीत. तेव्हा लगेच सर्व्हिस सेंटर गाठावे.

पुष्कळ नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. सुरुवातीला निळा दिवा लागतो, त्याचा अर्थ इंजिन अजून थंड आहे. तो विझेपर्यंत हळू चालवावी. लाल दिवा लागला तर ए.सी. बंद करावा, सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नये. पुढे मदत बोलवावी. 'पोहोचू कसेतरी घरापर्यंत' या हट्टापायी सिलिंडर हेड वाकते आणि हजारोंचा खर्च येतो.

दुसरा मुद्दा नवी गाडी रुळवण्याचा. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नव्या मोटारीच्या मागच्या काचेवरची 'रनिंग इन' ही पाटी आठवत असेल. आज कारखान्यातील घडाई फार बारीक झाली आहे, म्हणून ती पाटी गेली. पण कारण पुरते गेलेले नाही. नव्या जात्यावर पहिले दळण जपून दळतात, कारण दगडाला दगड बसायचा असतो. तसेच सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरकस रेघा ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून बरोब्बर बसाव्या लागतात. त्या नीट बसल्या तर पुढे ऑइल कमी जळते आणि जोर टिकतो. या काळात घर्षण थोडे जास्त असते, म्हणून उष्णताही किंचित जास्त आणि ॲव्हरेज थोडे कमी.

यासाठी पहिल्या १००० किलोमीटरपर्यंत, अथवा आपल्या पुस्तकात दिला असेल तो आकडा होईपर्यंत, इतके पाळावे :

१. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये. इंजिन जोराने ओरडू देऊ नये.

२. तासन् तास एकाच वेगाने चालवू नये, वेग कमी-जास्त करावा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. पण शोरूममधून निघालेली गाडी तशीच नागपूरच्या लग्नाला त्या वेगाने पळवणे टाळावे.

३. ताम्हिणीसारख्या घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी कुंथत नेऊ नये. वेळेवर खालचा गिअर टाकावा. सात माणसे आणि वर सामान असा भार नको.

४. सकाळी दहा-दहा मिनिटे उभ्या गाडीत इंजिन तापवत बसू नये. अर्धा मिनिट पुरे, मग हळू निघावे.

५. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक दाबण्याची वेळ येऊ नये असे अंतर राखावे, कारण ब्रेकही अजून बसायचे असतात. अर्थात जीवावर बेतले तर पूर्ण ताकदीने दाबावा.

६. दर आठवड्याला गाडी थंड असताना ऑइल पाहावे. कूलंट टाकीवरील मिन आणि मॅक्स या दोन खुणांच्या मध्ये आहे ना तेही पाहावे. नळाचे पाणी ओतू नये. त्यातील क्षार रेडिएटरमध्ये साचतात.

शेवटी हिशेबाची गोष्ट, कारण आम्ही कारकून माणसे. बऱ्याच कंपन्यांची पहिली मोफत तपासणी १००० किलोमीटर किंवा १ महिना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा असते. ती चुकवू नये. आपली तक्रार तोंडी सांगून येऊ नये, जॉब कार्डवर लिहून घ्यावी आणि त्याची प्रत मागावी. 'इंजिन फ्लश करा, हे लावा, ते लावा' असा आग्रह झाला तर एकच प्रश्न विचारावा : "हे पुस्तकात कुठल्या पानावर लिहिलं आहे?" दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. तेथे लेखी कागदच बोलतो.

घरातील ज्या मुलीला किंवा सुनेला वाचनाची गोडी आहे, तिच्या हाती ते पुस्तक आजच द्या आणि रात्री जेवणानंतर सर्वांसमोर दोन पाने मोठ्याने वाचायला सांगा. गाडी कोणीही चालवो, तिची माहिती साऱ्या घराला असावी. हप्ते साऱ्या घराच्या घामातूनच जात असतात.