पात्यालाही वय असते



ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरणे मुश्कील. म्हणून फवारणीचे ड्रोन आता आपल्या शिवारात दिसू लागले आहेत. २०२३ साली केंद्र शासनाने महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, तेव्हापासून भगिनीही ड्रोन चालवू लागल्या. गोष्ट चांगलीच आहे. पण गटागटांत फिरताना आम्हाला असे दिसते की, बॅटरीला जपतात तसे पात्यांना कोणी जपत नाही. ड्रोन पत्र्याच्या खोलीत आणि पाती खताच्या पोत्याखाली!

पाती बहुधा नायलॉनची असतात. मजबुतीसाठी त्यात काचेचे किंवा कार्बनचे तंतू घालतात. तरी शेवटी ते प्लॅस्टिकच. उन्हात पडलेला पीव्हीसी पाईप पांढरा पडतो आणि पाय पडताच तडकतो, हे आपणास सांगायला नको. पात्याचेही तसेच. ऊन त्याला ठिसूळ करते. नायलॉन हवेतली ओल शोषते, त्याने ते मऊ पडते. फार सुकले तर कडक होऊन तुटते. उष्णतेत दाबून ठेवलेले पाते वाकते ते वाकलेलेच राहते. मग ड्रोन थरथरतो आणि मोटारीची बेअरिंगे लवकर झिजतात.

तेव्हा एवढे करा. फवारणी झाली की पाती ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. पेट्रोल, थिनर लावू नका. मूळ खोक्यात, वजन न ठेवता, घरातल्या थंड जागी ठेवा. औषधांच्या डब्यांजवळ नको. खोक्यावर खरेदीची तारीख लिहा. उडवण्यापूर्वी कडेवरून नख फिरवा. चीर, खाच किंवा पांढरी रेघ लागली तर पाते बाद करा. डिंकाने चिकटवू नका. एक बदलले तर जोडीचे दुसरेही बदला.

“अजून चालतंय की!” असे काहीजण म्हणतात. पण पाते तुटते ते हवेत, आणि खाली आपलीच माणसे असतात. नव्या जोडीचा खर्च ड्रोनच्या किमतीपुढे किरकोळ आहे. माणसाच्या जिवापुढे तर काहीच नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, भाड्याने ड्रोन बोलावणाऱ्या सभासदाने आधी पाती पाहायला मागावीत. यात कोणाचा अपमान नाही. गाडीत ऊस भरण्याआधी आपण चाक आणि आस पाहतोच ना?